सीडी कुठून घालायची?

१९९५ साली दोन गोष्टी ठरल्या. जपान-युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांनी आपसांतली भांडणं मिटवून डीव्हीडी नावाच्या तबकडीवर एकमत केलं, आणि इकडं अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली. डीव्हीडी पुढच्याच वर्षी बाजारात आली. तिनं व्हिडिओ कॅसेटला घरी बसवलं, लग्नं गाजवली, कॉम्प्युटरच्या पोटात संसार थाटला, मग पेन ड्राइव्हनं तिला घराबाहेर काढलं आणि म्हातारपणी ती ज्वारीत पाखरं हाकायला लागली. रेल्वे बीडला पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर नगरचं अहिल्यानगर झालं होतं. म्हणजे बीडच्या माणसाला लग्नाची डीव्हीडी काखोटीला मारून रेल्वेनं पाव्हण्यांकडं जायची सोय झाली, तेव्हा पाव्हण्यांकडं ती लावायची सोय उरली नव्हती.

रेल्वेला उशीर झाला असं मी म्हणत नाही. डीव्हीडीनंच जरा घाई केली.

बारावीचा निकाल लागला की बीडच्या सुभाष रोडवरच्या कोणत्याही कॉम्प्युटरच्या दुकानात तासभर बसून बघा. पोरगं इंजिनिअरिंगला जाणार असतं, त्याला रॅम बघायची असते. बापाला पैसे द्यायचे असतात, म्हणून तो लॅपटॉप बघतो. चारी बाजूंनी फिरवतो. कडांवरून अंगठा फिरवतो. शेवटी उलटा करून खालूनही बघतो.

"सीडी कुठून घालायची यात?"

"आता सीडी नसते, काका."

"नसते म्हंजे? महं घर भरलंय सीडीनं."

"पेन ड्राइव्ह लावायचा की."

"पेन ड्राइव्हवर महं लग्न नाही ना."

या वाक्याला कोणत्याही कंपनीकडं उत्तर नाही. दुकानदार गप्प बसतो आणि चहा मागवतो.

या सगळ्याची सुरुवात जानेवारी २००८ मध्ये झाली. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनं भर सभेत एका कागदी पाकिटातून लॅपटॉप काढून दाखवला. इतका बारीक, की त्यात सीडीचा ड्राइव्ह नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी विचारलंच तर त्यांनी एक युक्ती ठेवली होती: शेजारच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह बिनतारी उसना घ्यायचा. उसनं मागण्याला नवा शोध म्हणून टाळ्या मिळालेल्या बघून आमच्या गल्लीनं कपाळाला हात लावला असता. मग सगळ्याच कंपन्यांना बारीक व्हायची हौस आली. आता लॅपटॉप बारीक कशासाठी, तर पिशवीत जागा व्हावी म्हणून. आमच्याकडं त्या जागेत भाकरीचा डबा जातो, त्यावर पाण्याची बाटली, आणि ही सगळी पिशवी मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून माणूस मांजरसुंब्याचा घाट चढतो. लॅपटॉपनं वाचवलेले नऊ-दहा मिलिमीटर डब्यातल्या ठेच्यानं कधीच खाऊन टाकलेत.

ड्राइव्ह होता तेव्हा काय सुख होतं, हे आजच्या पोरांना कळायचं नाही. बटण दाबलं की ट्रे सावकाश बाहेर यायचा. तबकडी ठेवली की तितक्याच सावकाश आत जायचा. आत गेल्यावर जो आवाज सुटायचा, त्यानं घरातली लहान लेकरं उठून बसायची. ५२ एक्स लिहिलेला ड्राइव्ह तबकडी मिनिटाला दहा हजार वेळा फिरवू शकतो. एवढ्या वेगानं आमच्या जिल्ह्यात फक्त अफवा फिरते.

ट्रे अडकला तर तोंडाशी एक बारीक भोक असायचं. त्यात सरळ केलेली पेपर क्लिप खुपसायची, असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं. पेपर क्लिप फक्त तहसीलमध्ये असते आणि तीही कामात असते. म्हणून आमच्याकडं बाभळीचा काटा वापरत. चांगला दोन इंची, वाळलेला, पांढरा काटा. शेंडा आधी फरशीवर घासून बोथट करायचा आणि मग हलक्या हातानं आत दाबायचा. खट् असा आवाज आला की ट्रे बोटभर बाहेर. पुढचं नखानं ओढायचं. ज्यांनी हे केलंय त्यांना पेपर क्लिपचं कधी कौतुक वाटलं नाही.

तबकडी पुसायचीही एक पद्धत होती, ती साफ चुकीची होती. धोतराचा सोगा, बनियन, पदर, जे हाताला लागेल त्यानं सगळे गोल गोल पुसायचे. सीडीवरची माहिती मधल्या भोकाजवळून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडं जाणाऱ्या एकाच वळणदार रेषेत लिहिलेली असते. ती रेषा उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. आडव्या ओरखड्यानं थोडंसं तुटलं तर ड्राइव्ह आजूबाजूच्या माहितीवरून हिशोब मांडून भरून काढतो. गोल ओरखडा मात्र त्या रेषेच्या अंगानंच जातो, तिथं सलग मजकूर जातो आणि ड्राइव्हचं गणित संपतं. म्हणून मधून बाहेर, सरळ पुसायचं. हे ज्ञान आमच्याकडं आलं तेव्हा सासूबाईंनी पुसलेल्या तबकडीत वरात निघायची ती थेट पंगतीलाच पोचायची. लग्न मधल्या मधे उडालेलं असायचं.

व्हीसीडीचा तर काळच वेगळा. टीव्ही आणि प्लेअर रात्रीपुरते भाड्यानं आणायचे, अंगणात मांडायचे आणि सकाळी परत करायच्या आधी भाडं वसूल होईपर्यंत कुणी झोपायचं नाही. एका तबकडीत सव्वा तासाच्या आसपास चित्र मावायचं, म्हणून हिंदी सिनेमा दोन, नाहीतर तीन तबकड्यांचा. पहिलीत प्रेम, दुसरीत गैरसमज, तिसरीत मारामारी. तिसरी हमखास दुसऱ्याच सिनेमाची निघायची. आमच्या भागातल्या एका पिढीला कित्येक सिनेमांत शेवटी कोण मेलं ते अजून माहीत नाही. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा तर सिनेमा केळ्यांपेक्षा स्वस्त झाला. २०१८ मध्ये त्या कंपनीचीच विक्री करून देणी भागवायचा आदेश निघाला.

पण बीड जिल्ह्यात सीडीवर खरी गर्दी सिनेमाची नव्हे, कीर्तनाची. यात्रेत एका बाजूला पेढे, दुसऱ्या बाजूला बांगड्या आणि मधे कीर्तनाच्या सीड्यांचा स्टॉल. अडचण एकच होती. आवाजाच्या सीडीत मुळात ७४ मिनिटं मावायची. बीथोवनची नववी सिम्फनी एका तबकडीत बसावी म्हणून हा आकडा धरला, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो-खोटी असो, ज्यानं कुणी तो धरला त्याला एकदा नारळी सप्ताहाला आणून मंडपात बसवायला हवं होतं. कीर्तन असतं दोन तासांचं. सव्वा तास होतो तेव्हा बुवा नुकतेच अभंगाच्या दुसऱ्या चरणावर येऊन सुनांवर घसरलेले असतात. तिथं तबकडी संपायची. सुनांचा उद्धार पहिल्या सीडीत आणि सासवांचा दुसऱ्या. दुसरी सीडी कित्येक घरांत सापडायची नाही. ती कोण हरवायचं, हे सगळ्यांना माहीत होतं.

घरी सीडी राइट करणं हे धाडसाचं काम. एकदा लेझर लिहायला लागला की मधे थांबायची सोय नाही. लाईट गेली की तबकडी वाया. आता विजेच्या बाबतीत आमचा जिल्हा दानशूर आहे. परळीला औष्णिक वीज केंद्र आहे. २०१३ च्या दुष्काळात पाणीच नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं, पण एरवी वीज तिथून सगळ्या महाराष्ट्रात जायची. आमच्याकडं यायची की नाही, ते सीडी राइट करायला बसल्यावर कळायचं. ९७ टक्क्यांवर लाईट जाण्याचं दुःख ज्यानं भोगलं नाही, त्यानं भारनियमनावर बोलू नये. कामाचा कॉम्प्युटरवाला आधी वीज मंडळात ओळखीच्या माणसाला फोन लावायचा, मग राइटचं बटण दाबायचा.

त्याच काळात एमएस-सीआयटी आली. एमकेसीएलनं २००१ पासून चालवलेल्या या कोर्सनं सरकारी नोकरीची आशा असलेल्या प्रत्येकाला कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्यामुळं आमच्या जिल्ह्यात असे हजारो लोक आहेत ज्यांनी आयुष्यात सीडीला हात लावलेला नाही, पण ती ७०० एमबीची असते हे झोपेतही सांगतील. तलाठ्याच्या परीक्षेला बसणारं पोरगं ऑप्टिकल डिस्कचे प्रकार घडाघडा म्हणतं. त्याच्या जन्माआधी मेलेल्या राजांची नावंही ते तसंच म्हणतं.

आता प्रश्नाकडं येऊ. कॉम्प्युटरमध्ये हा ड्राइव्ह अजून हवा का? दुकानदार म्हणतो, नको. त्याचं बरोबर आहे. ज्या कामासाठी बहुतेकांना ड्राइव्ह लागायचा ते काम म्हणजे विंडोज मारणं. आता विंडोज ११ साध्या ४.७ जीबीच्या डीव्हीडीत मावतच नाही. गाणी मोबाइलवर, कीर्तन यूट्यूबवर, आणि तिथं सासवांचा भागही सापडतो. जुन्या लॅपटॉपचं रायटर काढून त्या जागी कॅडी, म्हणजे एक छोटी चौकट, बसवायची, त्यात एसएसडी टाकायची, की दहा वर्षांचं यंत्र पळायला लागतं. ड्राइव्हची सगळ्यात मोठी सेवा म्हणजे त्यानं सोडलेली जागा.

कायद्याचं मत मात्र वेगळं आहे. सीडीला देशात खरा मान मिळाला तो न्यायालयात, आणि तोही शेजारच्या जालन्यामुळं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावरून वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात चित्रीकरण झालेलं होतं, ते सीड्यांत होतं. सीड्या होत्या, पण त्या खऱ्या असल्याचं प्रमाणपत्र कुणी देईना. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावानं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी सांगून टाकलं: नक्कल आणायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच आणून दाखवलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आज देशात कुठंही वकील "६५ ब" म्हणाला की न्यायमूर्तींना जालना आठवतं. मराठवाड्याचं नाव असं दरवेळी दुष्काळावरूनच निघतं असं नाही.

१ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, ६५ ब चं ६३ झालं आणि प्रमाणपत्राचा नमुना कायद्यालाच जोडून मिळाला. माहिती कशावर साठवली होती त्यावर खूण करायची असते. त्यात मोबाइल आहे, सर्व्हर आहे, क्लाउड आहे आणि त्याच यादीत सीडी-डीव्हीडीही मानानं बसलीय. जगानं जिला घराबाहेर काढलं तिला संसदेनं क्लाउडच्या पंक्तीला पाट मांडला. शिवाय एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत एक गुण आहे जो पेन ड्राइव्हमध्ये नाही: लिहिलं ते लिहिलं, वर खाडाखोड नाही. सातबाऱ्याला हा गुण असता तर आमच्या जिल्ह्यातल्या अर्ध्या वकिलांनी शेती केली असती.

दुसरा आधार दवाखान्याचा. एमआरआय काढला की हातात फिल्म, रिपोर्ट आणि एक सीडी पडते. पेशंटचा मुलगा ती सीडी छातीशी धरून बीडहून छत्रपती संभाजीनगरला जातो. मोठे डॉक्टर सीडी हातात घेतात, आपल्या चकचकीत लॅपटॉपकडं बघतात आणि विचारतात, "याचा फोटो काढलाय का मोबाइलवर?" आमच्या ओळखीतल्या एका मामांनी यावर स्वतःच तोडगा काढला. फिल्म उजेडाला धरून बघतात हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सीडीही खिडकीकडं धरली, एक डोळा मिटला, बराच वेळ निरखून बघितलं आणि सांगितलं, "मणका सरकलेला दिसतोय. मधी भोक पडलंय."

टिकाऊपणाचं म्हणाल तर अंबाजोगाईला जाऊन दासोपंतांची पासोडी बघा. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. कागद पुरेना की काय, त्यांनी लांबलचक कापडावर पंचीकरण लिहून काढलं, आकृत्यांसकट. चारशे वर्षं झाली. वाचायला ड्राइव्ह लागत नाही, फक्त त्या काळचं मराठी आणि मान वाकडी करायची तयारी. आणि आमची २००६ ची लग्नाची सीडी, कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात, मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत भाजून निघालेली. स्वस्त तबकडीतला रंग उन्हानं-उकाड्यानं विटतो आणि रंग विटला की लेझरला अक्षर दिसत नाही. नवरा-नवरीचे रंग विटले तरी निदान ओळखू येतात.

म्हणूनच लोकांनी सीड्यांना दुसरी कामं दिली. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या शेतात जाऊन बघा, दोरीला ओळीनं टांगलेल्या असतात. उन्हात चमकल्या की पाखरं दचकतात. दोन दिवस दचकतात, तिसऱ्या दिवशी त्याच दोरीवर बसून खातात. जवळ जाऊन बघितलं तर एकीवर स्केचपेननं "हळद व साखरपुडा" लिहिलेलं, दुसरीवर "बारसं पार्ट २". ऊसतोडीच्या हंगामात बैलगाडीच्या मागं सीडी ठोकलेली दिसते. अंधारात ट्रकच्या दिव्याचा उजेड पडला की ती लखलखते आणि ट्रकवाला ब्रेक मारतो. ७८० नॅनोमीटरच्या लेझरसाठी घडवलेली वस्तू ट्रकच्या हेडलाईटवर काम करते आणि इथं ती खरोखर जीव वाचवते. फिलिप्स आणि सोनीच्या इंजिनिअरांना हे कुणीतरी कळवायला हवं.

जपाननं २०२४ मध्ये सरकारी नियमांतून फ्लॉपी हद्दपार केली तेव्हा त्यांच्या मंत्र्यांनी युद्ध जिंकल्यासारखं जाहीर केलं. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीनं लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणं बंद केलं. तेव्हा आपणही निर्णय घेतलेला बरा. माझं मत असं: प्रत्येक कॉम्प्युटरला ड्राइव्ह नको आणि एकही नसला तरी चालणार नाही. मळणी यंत्र काय प्रत्येक शेतकरी विकत घेतो? गावात एक असतं, ते खळ्यावरून खळ्यावर फिरतं आणि सुगी झाली की कुणाच्या तरी गोठ्यात उभं राहतं. तसं गल्लीत एक बाहेरून जोडायचं रायटर पुरे. दीड-दोन हजारांत येतं, यूएसबीला लागतं, ज्याचं काम असेल त्यानं न्यावं.

आमच्या गल्लीत चार घरांनी मिळून घेतलंय. ते कधीही रिकामं परत येत नाही, हा एकच त्रास. पोटात कुणाची तरी सीडी असतेच. मागच्या वेळी काट्यानं उघडलं तर एक तबकडी निघाली जी चारी घरं आपली नाही म्हणाली. वर नाव नाही, फक्त "मिक्सिंग ओके" लिहिलेलं. कुणाची ते बघावं म्हणून लावली. लग्न निघालं. नवरा ओळखीचा नाही, नवरी ओळखीची नाही, तरी पंगतीपर्यंत बघायचं ठरलं, कारण गोड काय केलं होतं ते शेजारच्या ताईंना बघायचं होतं. वरात आली. बँडपुढं डोक्याला टॉवेल गुंडाळून एक गृहस्थ नाचत होते. पिवळा शर्ट. कोपऱ्यात तारीख.

"हे आपले दाजी का?" कुणीतरी म्हणालं.

दाजी म्हणजे ताईंचे मालक. ते मागंच स्टुलावर बसले होते.

"त्या दिवशी तर तुम्ही ऑफिसच्या कामानं परळीला मुक्कामी होता," ताई म्हणाल्या. त्यांना तारीख पाठ होती, कारण त्या दिवशी त्यांच्या भावाचा साखरपुडा होता आणि दाजी आले नव्हते.

दाजींनी आधी तो मी नव्हेच असं सांगितलं. मग शर्ट तसाच असतो बऱ्याच लोकांचा, असं सांगितलं. शेवटी गल्लीतल्या वकिलाकडं बघून म्हणाले, "आणि ही नक्कल आहे. हिला प्रमाणपत्र कुठंय?"

वकील भला माणूस, पण धंद्याला इमानदार. त्यानं सांगितलं, मूळ उपकरण हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही.

ताई तेव्हापासून त्या शूटिंगवाल्याचा नंबर शोधतायत.